मागचीच मापं

१२ ऑक्टोबर

चि. ढब्बू,

आशीर्वाद नेहमीचेच, तक्रार तेवढी ताजी. परवा तू फोन केलास, मी "हो, हो, अगदी" म्हणत राहिले, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तू काय विचारलंस ते मला कळलंच नव्हतं. डावा कान आता नावापुरता उरलाय. उजव्याला शिलाई मशीनच्या आवाजाची इतकी सवय झालीय की माणसाचा आवाज त्याला रुचत नाही. तेव्हा फोन बंद. काय भांडायचं ते पत्रात भांड, लिहिलेलं मला नीट ऐकू येतं.

दुकानात शाळेचे गणवेश एकदाचे संपले, आता थंडीचे कोट. तुझी मामी रोज दुपारी येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसते. शिवून काही घेत नाही, गावभरच्या बातम्या मात्र उसवून जाते. आपल्या घरातली मुलगी एवढ्या उंच लोखंडी खांबावर बसून क्रेन चालवते हे तिच्या अजून पचनी पडलेलं नाही. "लग्नाचं कोणी विचारलं तर काय सांगायचं?" म्हणाली. मी म्हटलं, सांगा, ती वरून स्थळं बघतेय.

मुद्द्याचं लिहिते. थंडी पडायच्या आत तुझं जाकीट शिवायला घेते. दरवर्षीसारखंच, जाड अस्तराचं, त्या वाऱ्यात टिकेल असं. पण माप ताजं पाठव. कोणाला तरी टेप धरायला लाव. छाती, कंबर, बाही, सगळं. अंदाजपंचे नको. तुझी आई गेल्यापासून वर्षातून हे एक काम मी तुझ्यासाठी करते, तेवढं मला नीट करू दे.

तुझी मावशी

२० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

फोनवर मी विचारलं होतं की मशीनचा झिजलेला पट्टा बदललास का. तू "अगदी" म्हणालीस, म्हणजे बदललेला नाही. बदल.

इथे सगळं ठीक. इमारत इतकी वर आलीय की केबिनमध्ये बसलं की खालची माणसं हेल्मेटच्या रंगावरूनच ओळखायची. पिवळी ती कामगार, पांढरी ते साहेब, आणि लाल हेल्मेट घालून हातवारे करतो तो भोंगा. हा आमचा सिग्नलवाला. हुकाला लटकलेला माल नेमका कुठे टेकतोय ते मला वरून दिसत नाही, म्हणून तो वायरलेसवर सांगतो आणि मी क्रेन फिरवते. इतक्या जोरात बोलतो की वायरलेस नसता तरी चाललं असतं. तुझ्या डाव्या कानाला हाच माणूस हवा.

मामीला सांग, वरून बघितलं की सगळ्या स्थळांची नुसती टकलं दिसतात, निवड करणं अवघड आहे.

माप घ्यायला सवड नाही. मागचीच मापं धर. आता या वयात मी काय वाढणार आहे? उलट डबा बऱ्याचदा भोंगाच संपवतो. एकदा वर चढलं की मध्येच उतरणं सोपं नसतं, म्हणून दिवसभर काही खात नाही, संध्याकाळी उतरल्यावर काय ते जेवते. सवय होते गं.

ढब्बू

२४ नोव्हेंबर

चि. ढब्बू,

जाकीट पाठवलंय. निळं कापड, आत करडं अस्तर, खिशाला दुहेरी शिलाई. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, पण दुसरं कोणी करायला नाही म्हणून करते. असं जाकीट तुझ्या साहेबाकडेही नसेल. मागच्या मापानंच बेतलंय, तेव्हा हातमोज्यासारखं बसेल. फोटो पाठव.

मशीनचा पट्टा बदलला. आता समाधान?

मावशी

९ डिसेंबर

प्रिय मावशी,

जाकीट मिळालं. रंग छान आहे. उबदारही आहे. राग मानू नकोस, पण तुझा हात आता थोडा ढिला झालाय का? कमरेला चांगलंच सैल झालं. भर दुपारी शिडीवरून उतरताना त्याचा घेर एका बोल्टात अडकला आणि मी मिनिटभर तिथे लटकून राहिले. काही लागलं नाही, सुरक्षेचा पट्टा होताच. पण खालून साहेबांनी पाहिलं. आता "चौकशी होईपर्यंत" मला क्रेनवरून खाली आणलंय आणि स्टोअरमध्ये बसवलंय. येणाऱ्याला हेल्मेट द्यायचं, जाणाऱ्याकडून परत घ्यायचं. मजा आहे.

फोटो नंतर पाठवते.

ढब्बू

१४ डिसेंबर

ढब्बू,

आज आशीर्वाद शेवटी देईन, द्यावेसे वाटले तर.

माझा हात ढिला? या हातानं मी लोकांच्या तीन पिढ्यांना कपडे घातलेत. वाढत्या पोटांना आणि खचत्या खांद्यांना सांभाळून घेतलंय. तुझं पत्र वाचलं आणि गिऱ्हाइकाला तसंच टाचण्या लावलेल्या ब्लाउजमध्ये उभं ठेवून आत गेले. तुझ्या जाकिटाचा कागद काढला. बेताचा कागद मी फेकत नाही, तुला माहीत आहे. टेप लावली, परत लावली. जाकीट बरोबर आहे. कापड धुवून घेतलेलं होतं, ते ताणलं जाणार नाही. मग चुकलंय कोण?

मागच्या वर्षी तेच माप तुला घट्ट वाटत होतं. "बटण लावलं की श्वास रोखावा लागतो" असं तूच लिहिलं होतंस. त्याच मापाचं जाकीट यंदा बोल्टात अडकण्याइतकं सैल होतं, म्हणजे बाई, जाकिटातलं माणूस कमी झालंय. आणि ते तुला ऑक्टोबरातच ठाऊक होतं, म्हणून टेप लावायला सवड नव्हती.

मला लटकलेल्या जाकिटाची चौकशी नको. तू किती वाळलीयस आणि का, ते लिही. आणि भर कामाच्या वेळेत तू शिडीवर काय करत होतीस? मध्येच उतरणं सोपं नसतं असं तूच सांगितलं होतंस ना? गोलगोल लिहिलंस तर तिथे येऊन भर रस्त्यात टेप लावेन.

मावशी

२२ डिसेंबर

मावशी,

पकडलंस. चुलीत गेली चौकशी, तूच तिथे साहेब म्हणून हवी होतीस.

हाताबद्दल जे लिहिलं ते मागे घेते. ते लिहिताना मलाच लाज वाटत होती, पण तुला माझ्याऐवजी शिवणीकडे बघायला लावण्याचा दुसरा उपाय सुचला नाही. सुचला तोही फसला.

आता सरळ सांगते. दोन वर्षं माझं पोट दुखतंय. जुलाब, कधी रक्त, तोंडात फोड, संध्याकाळी ताप. एका डॉक्टरांनी जंत म्हटलं, दुसऱ्यांनी टेन्शन, तिसऱ्यांनी "बायकांना असतं असं काहीतरी." शेवटी या ऑगस्टमध्ये दुर्बिणीनं आतडं तपासलं, तुकडा काढून पाहिला, आणि नाव कळलं: क्रोन्स. शरीराचा पहारा बिघडलाय आणि तो स्वतःच्याच आतड्याला चोर समजून झोडपतोय, असं मला समजावलं. आतडं सुजतं, जखमा होतात, वण धरून जागोजागी अरुंद होतं. आमच्याकडे काँक्रीटच्या पाइपात खडी अडकली की मागचं सगळं तुंबतं, तसं माझं जेवणानंतर होतं. पूर्ण बरा होणारा आजार नाही. औषधानं तो झोपतो आणि वाटेल तेव्हा उठतो.

आता केबिनचं. केबिनमध्ये संडास नसतो, मावशी. खाली यायचं तर आधी माल टेकवायचा, हूक रिकामा करायचा, मग शिडी. निरोगी माणसाला जमतं. मला कळ आली की थांबायला सवड नसते. म्हणून मी खाणंच बंद केलं. पोटात काही नसेल तर बाहेर काय येईल, असा हिशोब केला. जाकिटातलं माणूस असं कमी झालं.

त्या दिवशी तरीही कळ आली. हुकाला सळ्यांचा भारा होता. तो मी नीट टेकवला. भोंग्यानं हूक सोडवल्याची खूण केली, मग हूक वर घेतला, मग उतरले. एकही नियम मोडला नाही, हे तू लक्षात ठेव. आणि अर्ध्या शिडीवर तुझं जाकीट अडकलं. ते सोडवेपर्यंत जे व्हायचं ते झालं. तिथेच, शिडीवर, सगळ्यांच्या डोक्यावर.

भोंगा धावत आला. त्यानं स्वतःचा ओव्हरऑल काढून मला दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. म्हणाला, "तेल सांडलं म्हणून सांगतो." मी म्हटलं सांग. मग दोन दिवस घरी बसून विचार केला की तेल का? मी चोरी केली होती का?

मला ती केबिन परत हवी आहे. स्टोअरमधली खुर्ची गादीची आहे, संडास शेजारी आहे, साहेब गोड बोलतात, आणि तिथे बसून मी सहा महिन्यांत म्हातारी होईन. मला वर काम येतं. वाऱ्यात भरलेला हूक न झुलवता टेकवणं या साइटवर दुसऱ्या कोणाला माझ्याइतकं येत नाही. आतडं माझं बिघडलंय, हात नाहीत.

फोटो सोबत आहे. नवीन औषध सुरू होऊन थोडे दिवस झाले.

ढब्बू

३ जानेवारी

चि. ढब्बू,

आशीर्वाद, पोटभर.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा फोटो पाहिला आणि जीव भांड्यात पडला. गाल कसे भरलेत. माझी जुनी ढब्बू परत दिसली. म्हणजे औषध लागू पडलंय. तू उगाच आयुष्यभराचं म्हणतेस.

मला विचारशील तर हे सगळं जागरणांनी आणि बाहेरच्या खाण्यानं झालंय, आणि वर एकटीनं बसून डोक्याला त्रास करून घेण्यानं. ते काम सोड. इथे ये. माझ्या दुकानाची मागची खोली रिकामी आहे, काज-बटणं करशील, वेळेवर गरम जेवशील, दोन महिन्यांत ठणठणीत होशील. संडास दहा पावलांवर आहे.

मामीनं फोटो पाहिला आणि विचारलं, काय झालंय म्हणून. मी पित्त सांगितलं. असलं काही चारचौघांत सांगण्यासारखं नसतं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

मावशी

११ जानेवारी

मावशी,

ते गाल माझे नाहीत, गोळ्यांचे आहेत. स्टेरॉईडनं चेहरा सुजतो. खाली पाय बघितलेस तर काड्या आहेत. फोटो गळ्यापर्यंतच काढला, ते मुद्दाम. तेव्हा आनंद परत घे.

बाकीचंही परत घे. हा आजार मी खाल्ल्यानं झाला नाही, न खाल्ल्यानं नाही, उंचीनं नाही, जागरणानं नाही. कशानं होतो ते शोधणाऱ्यांनाही पुरतं कळलेलं नाही, मग तुला आणि मामीला दुपारच्या चहात कसं कळलं? चिंतेनं त्रास वाढतो म्हणतात, आणि मला चिंता कसली आहे ते मी तुला लिहिलंय. काज-बटणांनी ती जाणार नाही.

आणि पित्त? एवढं लपवून मी कुठे पोहोचले ते बघ. दोन वर्षं मी कोणापुढे "संडास" हा शब्द उच्चारला नाही आणि त्यापायी शिडीवर लटकले. त्या शब्दाला घाबरायचं माझं आता संपलं. मामीला सांग, ढब्बूचं आतडं सुजलंय, तिला दिवसातून पंधरा वेळा जावं लागतं, आणि ती पुन्हा क्रेन चालवणार आहे. तुझ्यानं सांगवत नसेल तर गप्प बस, पण माझ्या आजाराला दुसऱ्याचं नाव देऊ नकोस.

तुझ्या मागच्या खोलीबद्दल मनापासून धन्यवाद. नको.

ढब्बू

२२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

हॉस्पिटलमधून लिहितेय. भोंग्यानं तुला फोन केला होता, तू "हो, हो, अगदी" म्हणालीस, असं तो काळजीनं सांगत होता. त्याला मी तुझा अर्थ समजावला.

आतडं एका ठिकाणी पार चिकटलं. पोट फुगलं, उलट्या थांबेनात. आता सुजलेला भाग कापून काढायचाय. आणि डॉक्टर म्हणाल्या, सध्याच्या स्थितीत टोकं लगेच जोडण्यात धोका आहे. आतड्याचं तोंड पोटावर उघडायचं आणि त्यावर पिशवी चिकटवायची. मळ त्या पिशवीत जमेल. पुढे जोडता येईल का, ते नंतर बघू.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी पिशवीबद्दल समजावणारी नर्स आली. हे एवढंच तिचं काम. तिला म्हटलं, एक सांगा, पिशवी लावल्यावर कळ येते का? धावावं लागतं का? ती म्हणाली, "नाही. भरत आली की सवडीनं रिकामी करायची."

सवडीनं, मावशी. हा शब्द मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. मी उठून बसले. सगळे इथे माझ्याकडे असे बघतायत जणू माझं काही हिरावून घेणार आहेत. मला मात्र माझी केबिन दिसायला लागलीय. मी सही करणार आहे.

ढब्बू

२५ फेब्रुवारी

ढब्बू,

सही करू नकोस. दुसऱ्या डॉक्टरांना विचार. पोटावर पिशवी घेऊन जन्म काढायचा? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? चार दिवस थांब, मी येते.

मामीनं विचारलं, मी ॲपेंडिक्स सांगितलं. रागाव हवं तर.

मावशी

२ मार्च

मावशी,

रागावलेय. आणि सही केलीय. तुझं पत्र आलं त्याच दिवशी माझी सही झाली होती, त्यामुळे तू हरली नाहीस, उशीर झाला इतकंच.

दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारलं. तेही हेच म्हणाले.

आज एक गंमत झाली. पिशवी पोटावर नेमकी कुठे येणार, ती जागा ऑपरेशनच्या आधी ठरवतात. नर्स पेन घेऊन आली. उभी राहा, वाक, बस, घडी कुठे पडते ते बघते. तेवढ्यात मला आठवलं की माझा सुरक्षेचा पट्टा कमरेवरून आणि मांड्यांतून जातो. तो जर नेमका त्या जागेवर आला तर सगळं मुसळ केरात. तिला म्हटलं, थांबा. भोंग्याला फोन केला. तो साइटवरून पट्टा घेऊन आला, आणि मी हॉस्पिटलच्या झग्यावर पूर्ण पट्टा चढवला. खुर्चीत बसून दोन्ही हातांनी हवेत क्रेन चालवली. डावीकडे फिरव, हूक खाली, थोडं वाक, खाली बघ. भोंगा दारातून नेहमीच्या आवाजात "अजून खाली, अजून, बस्स" ओरडत होता. समोरच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या. नर्स माझ्याभोवती गुडघ्यांवर फिरत होती. म्हणाली, "कामाच्या सवयी आम्ही विचारतोच, पण काम घेऊनच कोणी आलं नव्हतं." पट्ट्याच्या खाली, घडीपासून दूर, तिनं काळा ठिपका काढला.

ऑपरेशन गुरुवारी. तू ये. भांडायला नको, टेप घेऊन ये. सुरक्षेच्या पट्ट्याला सुई लावायला बंदी आहे, पण माझ्या विजारींना नाही. नेहमीची विजार त्या ठिपक्यावर कमरेला काचणार. तेवढं मला सोडवता येत नाहीये.

भीती वाटतेय. तेही लिहून ठेवते, नाहीतर तुला वाटेल मला काही वाटतच नाही.

ढब्बू

१० एप्रिल

चि. ढब्बू,

आशीर्वाद, आणि या वेळी ते हातानं देऊन आलेय, तरी पुन्हा.

परत आल्यापासून दुकानात मन लागत नाही. एक गोष्ट तिथे बोलायची राहिली. तू पहिल्यांदा माझ्यासमोर पिशवी बदललीस तेव्हा मी खिडकीकडे बघत बसले होते. तू म्हणालीस, "बघ की. न बघता माप कसं घेणार?" मी बघितलं. मला वाटलं होतं, जखम असेल, किळस येईल. ओठाच्या आतल्या बाजूसारखं लालसर, ओलं, जिवंत काहीतरी होतं. तुझंच होतं. आणि तू ते पुसत होतीस, मी तुझ्या लहानपणी तुझं तोंड पुसायचे तसं, घाई न करता. तेव्हापासून माझी भीती गेली. लाज गेली म्हणत नाही, ती चिवट असते.

विजार शिवतेय. कमर वर घेतलीय, पुढून मऊ ताणाचं कापड, आतून पिशवीला खालून आधार देणारा खिसा. बाहेरून काही कळणार नाही. पहिली बिघडली, दुसरी बिघडली, तिसरी जमेल. डॉक्टरांनी सांगितलेला पोटाचा आधार-पट्टा बांधूनच घालायची. त्यांनी परवानगी दिल्याशिवाय शिडीचं नाव काढायचं नाही. मीठ-साखरेचं पाणी पीत जा, नर्सनं मला चार वेळा बजावलंय, म्हणजे तुला चाळीस वेळा.

मामीला अजून ॲपेंडिक्सच माहीत आहे. जीभ रेटत नाही.

मावशी

२७ जून

प्रिय मावशी,

हे पत्र तुला वरून येतंय. जेवणाची सुट्टी आहे, आणि मी जेवतेय. भोंगा खाली उपाशी आहे, त्याला डबा मिळाला नाही.

सोपं नव्हतं. डॉक्टरांचा कागद घेऊन गेले तर साहेब म्हणाले, कागद ठीक आहे, पण स्टोअरमध्येच राहा ना, आराम आहे. मी म्हटलं, आराम मी तीन महिने केलाय, मला आवडला नाही. ते चाचरत म्हणाले, "पण वर असताना... म्हणजे काही झालं तर?" ऑफिसात सात-आठ माणसं होती. सगळे कागदात डोकं घालून ऐकत होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, पोटावर पिशवी आहे. जे व्हायचं ते तिच्यात होतं. या ऑफिसात कळ आली की धावावं लागत नाही असं माणूस मी एकटीच आहे." साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मागून कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, मग साहेबही.

तरी नियमाप्रमाणे चाचणी घेतली. चढणं, उतरणं, पट्ट्यावर लटकून सुटका करून घेणं, सगळं. मी म्हटलं घ्या. त्या बोल्टापाशी आले तेव्हा क्षणभर थांबले. हात लावला त्याला. मग पुढे गेले.

वर आल्यावर रडले. कोणी नव्हतं, म्हणून मनसोक्त. मग भोंग्याचा आवाज आला, "मॅडम, माल तयार आहे, मुहूर्त काढायचाय का?" आणि मी क्रेन फिरवली.

आजार गेलेला नाही. दर दोन महिन्यांनी सलाईनमधून औषध घेतेय. तो परत उठेल, तेव्हा त्याच्याशी परत भांडेन. मला त्याच्याशी भांडता येतं, तुझ्याकडून शिकलेय.

विजार उत्तम. जुनं जाकीट मात्र अजून सैल आहे. यंदा नवं शीव. भोंग्याच्या बायकोनं टेप धरली, मागच्या पानावर सगळी मापं लिहिली आहेत. कंबर दोनदा घेतलीय, पिशवी रिकामी असताना आणि भरलेली असताना. आतून एक खिसा ठेव, जास्तीच्या पिशवीसाठी. मापं ताजी आहेत. खरी आहेत.

तुझी ढब्बू

१५ जुलै

चि. ढब्बू,

आशीर्वाद, आणि बातमी.

तुझ्यासाठी आणखी एक विजार शिवून ठेवली होती आणि मी जाकिटाचं कापड बघत होते. मामी नेहमीच्या खुर्चीत. तिनं विजार उचलली, आतला खिसा चाचपला आणि विचारलं, "हा कुठला आतल्या बाजूला खिसा? कोणाची ही?" ॲपेंडिक्स जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तुझं मागचं पान समोर दिसलं, दोन कमरांचं. मी म्हटलं, "ढब्बूची. तिला क्रोन्स नावाचा आजार आहे. आतडं पोटावर काढलंय, तिथे पिशवी लावते, आणि परवापासून परत क्रेनवर आहे. चहा टाकू?"

मामीनं विजार अलगद खाली ठेवली. मग ती म्हणाली, "अगंबाई. कोणाला सांगू नकोस हं." आणि चहा न पिता गेली.

त्या "सांगू नकोस"नं माझं डोकं फिरलं. पेंटरला बोलावलं आणि दुकानाच्या काचेवर लिहून घेतलं, ब्लाउज, कोट, गणवेश यांच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: पोटावर पिशवी असणाऱ्यांचे कपडे मापाने शिवून मिळतील.

आठवडाभर कोणी आलं नाही. लोक काच वाचायचे आणि चालायला लागायचे. मामी मात्र परत आली, दुसरीकडे तिला एवढी चांगली खुर्ची नाही. मग काल एक गृहस्थ आले. कडक इस्त्री, हातात छत्री, शाळेत चित्रकला शिकवतात म्हणे. आधी कोटाचं कापड बघितलं, मग बटणं बघितली. मामीकडे बघितलं. शेवटी माझ्या अगदी जवळ आले आणि कुजबुजले, "बाई, ते बाहेर काचेवर... तुम्ही जे लिहिलंय... ते माझ्यासाठी..."

माझ्या उजव्या कानानं शब्दन् शब्द ऐकला होता.

मी गळ्यातली टेप हातात घेतली, मामीला जरा सरकून बसायला सांगितलं, आणि त्यांना म्हटलं, "मोठ्यानं सांगा, गुरुजी. मला कमी ऐकू येतं."

तुझी मावशी